आजोबा स्वतः आले!

मार्च एण्ड! तुमच्या ऑफिसात टार्गेट, क्लोजिंग, अप्रेझल असा सगळा धुरळा उडालेला असतो. सुट्टी मागायला गेलात तर बॉस असा बघतो, की तुम्ही त्याची किडनीच मागितलीय. अशा दिवसांत घरात एखादं काम निघालं की ते कुणाच्या गळ्यात पडतं? बरोब्बर. घरातल्या फ्रीलान्सरच्या. कारण आमच्याकडे फ्रीलान्सर म्हणजे ‘ती काय, घरीच असते की!’

तर २०२५च्या मार्चमध्ये बाबांचा फोन आला. ‘अण्णा गाडी घेऊन बंगळुरूला निघालेत. आईलाही घेऊन.’

अण्णा म्हणजे माझे आजोबा. वय वर्षं ७८. आजी ७४. मुक्काम सातारा. बंगळुरूला आत्या असते, म्हणजे त्यांची धाकटी लेक. तिच्या दोन पोरांची वार्षिक परीक्षा संपून सुट्टी लागलेली, पाडवा ३० मार्चला आणि तोही रविवारी आलेला. आजीनं जाहीर केलं, यंदाची गुढी लेकीकडे! इथपर्यंत ठीक. पण सातारा-बंगळुरू म्हणजे साधारण सव्वासातशे किलोमीटर. पुणे-मुंबई पाच वेळा! आणि स्टीअरिंगवर कोण, तर हा ७८ वर्षांचा तरुण.

बाबांनी आधी सगळं सांगून पाहिलं होतं. ‘पुण्याहून विमानात बसवून देतो. तिकडे जावई घ्यायला येतील. परतताना ते बसवून देतील, मी घ्यायला येतो.’ त्यावर आजोबा म्हणाले, ‘बसवून देतो, घ्यायला येतील, परत बसवून देतील. अरे, मी काय पार्सल आहे काय?’

शेवटी तह झाला. मी सोबत जायचं. ऑफिशियल पोस्ट, को-ड्रायव्हर. अनऑफिशियल पोस्ट बाबांनी फोन ठेवता ठेवता सांगितली. ‘त्यांचं ड्रायव्हिंग नीट बघ आणि मला खरं काय ते सांग. बरं वाटलं नाही, तर परत आल्यावर किल्ली काढून घेऊ.’

म्हणजे मी चक्क हेर! आणि हेरगिरी कुणावर, तर ज्या माणसानं मला क्लच आणि ब्रेक यातला फरक शिकवला त्याच्यावर.

पाच वर्षांचं एक्स्टेन्शन

आजोबांची गाडी म्हणजे २००९ची वॅगन आर. रिटायर झाल्यावर चार वर्षं विचार करून घेतलेली. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की आरटीओत नेऊन फिटनेस तपासून घ्यावा लागतो, मग रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढतं. माणसाचंही तसंच. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनीच रिन्यू होतं, आणि सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. जास्तीत जास्त वय किती, अशी अट मात्र कायद्यात नाही. आजोबा दोन्ही कागद एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतात आणि आल्यागेल्याला दाखवतात. ‘गाडीला आणि मला, सरकारनं दोघांनाही पाच वर्षांचं एक्स्टेन्शन दिलंय!’

शिवाय आजोबा रस्त्यांचेच. सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून लागले आणि २००५मध्ये रिटायर झाले. तुम्ही-आम्ही रस्ता म्हणजे खड्डा आहे की नाही एवढंच बघतो. आजोबा उतार बघतात, साइडपट्टी बघतात, मोरीला पाणी जायला वाट आहे का ते बघतात. अशा माणसाला ‘तुम्ही आता गाडी चालवू नका’ म्हणायचं, म्हणजे भीमसेन जोशींना ‘बुवा, जरा हळू’ म्हणण्यासारखं.

निघायच्या आधी आणखी एक लफडं. शनिवारी अमावास्या. शनी अमावास्या! त्या दिवशी प्रवास म्हणजे आजीच्या कायद्यात बसतच नाही. पण आजी वकील व्हायला हवी होती. तिनं पळवाट काढली. शुक्रवारी सकाळी निघायचं, म्हणजे प्रस्थान अमावास्येच्या आधीच झालं. शनिवारी करायचा तो नुसता ‘उरलेला प्रवास’. आणि तसंही एका दिवसात सव्वासातशे किलोमीटर नकोच होते. मुक्काम धारवाड, ठरलं.

शुक्रवारी सकाळी सहाला सामान भरलं. बुरुडाकडून आणलेली कळकाची काठी गाडीत आडवी मावेना. शेवटी डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंत, दोन सीटच्या मधून ती लांब टाकली. साखरेच्या गाठी रुमालात गुंडाळून आजीच्या मांडीवर. अंगणातल्या कडुलिंबाची डहाळी ओल्या फडक्यात. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि वाटेत लागतील म्हणून कंदी पेढे दोन किलो. मी म्हटलं, ‘आजी, बंगळुरूला कडुलिंब मिळतो गं.’ ती म्हणाली, ‘मिळू दे की. हा आपला आहे.’

हा टोल आहे की पहारा?

सातारा सोडलं आणि मी मोबाइलवर गुपचूप नोंदी करायला लागले. ब्रेक वेळेवर. इंडिकेटर, मागे कोणी नसलं तरी. स्पीड ७० (नाट्यगीत लागलं की ६०). ट्रकच्या मागे अंतर भरपूर. रुंदीकरणाच्या कामामुळे कोल्हापूरपर्यंत जिथे तिथे डायव्हर्शन होती, पण आजोबा प्रत्येक डायव्हर्शनमधून लोण्यातून सुरी जावी तसे निघत होते. माझ्या हातून त्यातल्या दोन तरी चुकल्या असत्या.

उंब्रजच्या अलीकडे त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं. आजी मागून म्हणाली, ‘त्यांची मोरी होती तिथं.’ तरुणपणी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली मोरी. दोन हजार सालानंतर सुवर्ण चतुष्कोनाच्या कामात हा रस्ता चौपदरी झाला, तेव्हा ती त्यात गडप झाली. पण हॉर्न चालूच आहे.

तासवड्याचा टोल गेला आणि अर्ध्या मिनिटात बाबांचा फोन. ‘तासवडे क्रॉस केलं ना?’ किणीचा टोल गेला, पुन्हा फोन. ‘किणी आलं. पाणी प्यायलात का?’ आजोबा चकित. मग त्यांच्या लक्षात आलं, की फास्टॅग बाबांच्या मोबाइलला जोडलेला आहे. पैसे कटले की टोलनाक्याच्या नावासकट मेसेज थेट पुण्यात!

‘हा टोल आहे की पहारा?’ आजोबा वैतागले. फेब्रुवारी २०२१मध्ये फास्टॅग सगळीकडे सक्तीचा झाला, तोपर्यंत ते टोलला सुटे पैसे मोजून द्यायचे आणि खिडकीतल्या माणसाला ‘जेवलात का?’ विचारायचे. गाडीत सुट्या नाण्यांचा डबा अजून आहे. विचारायला माणूस उरलेला नाही.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. पहारा टोलवर नाही, शेजारच्या सीटवर बसलाय, हे त्यांना कुठे माहीत होतं?

आजीचं राज्य

कागल मागे पडलं, कोगनोळीचा टोल आला आणि गाडीत सत्तांतर झालं. आजीचं माहेर निपाणीकडचं. शाळा मराठी, पण शेजारपाजार कानडी. त्यामुळे आजपर्यंत ‘काय गं, चहा टाकू का?’ एवढंच विचारणारी माझी आजी पाट्या कानडी झाल्याबरोबर फुलून आली. वाटेत चहाला थांबलो, तर टपरीवाल्याशी तिच्या अशा गप्पा, की त्यानं तिसऱ्या चहाचे पैसेच घेतले नाहीत. आजोबांना कानडीत फक्त ‘ऊटा आयता?’ येतं. म्हणजे ‘जेवण झालं का?’ ते तेवढ्यावर सगळं निभावून नेतात.

निपाणीत आजीनं काचेतून बाहेर बघितलं. ‘इथून आत वळलं की आमचं घर,’ एवढंच म्हणाली. आजोबा म्हणाले, ‘येताना बघू.’ बेळगाव, हिरेबागेवाडी मागे टाकत संध्याकाळी पाचच्या आत धारवाड. धारवाड-हुबळी बायपास कित्येक वर्षं दोनच पदरी होता आणि अपघातांसाठी बदनाम. त्यामुळे त्याच्या अलीकडेच मुक्काम, हा आजोबांचा जुना नियम. माझ्या नोंदीत दिवसाचा निकाल, डिस्टिंक्शन!

रात्री लॉजवर पेढ्यांची स्पर्धा झाली. एका ताटलीत सातारी कंदी पेढा, दुसऱ्या ताटलीत धारवाडी. निकाल आधीच फिक्स होता. सातारा जिंकलं. फक्त धारवाडी पेढ्यांचा बॉक्स सकाळपर्यंत अर्धा झाला, तो कसा कोण जाणे.

आजोबा झोपल्यावर आजी आणि मी गॅलरीत बसलो. मी पार्सलवाला डायलॉग आठवून हसत होते. आजी हसली नाही.

‘त्यांना ७८व्या वर्षी कळलं,’ ती म्हणाली. ‘मला १८व्या वर्षापासून माहितीये. लग्न झालं आणि माहेरी जायचं तर मुराळी यायला लागायचा. भाऊ आणायला आला तर जायचं. सोडायला आला तर यायचं. कुणी आलं नाही, तर पंचमी गेली, दिवाळी गेली. मग पोरगा आणायला यायला लागला. आता पोरगा म्हणतो, जावई घ्यायला येतील. पन्नास-पंचावन्न वर्षांत मी एकदाही आपली आपण कुठं गेले नाही बघ.’

मी गप्प. मग ती म्हणाली, ‘गाडी घेतली तेव्हा मी म्हटलं होतं, मलाही शिकवा. म्हणाले, आता या वयात कशाला? ५८ वर्षांची होते. आणि ते स्वतः बासष्टीला नवी गाडी घेऊन बसले होते!’

खरं सांगते, इतकी वर्षं ही गाडी मला ‘आजोबांची गाडी’ म्हणूनच माहीत होती. मागच्या सीटवरही कुणालातरी ती चालवायची होती, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आता जरा तुमच्या घरातली वाक्यं आठवून बघा. ‘आईला आणायला जायचंय.’ ‘बाबांना स्टेशनवर सोडायचंय.’ ‘आजीला डॉक्टरकडे न्यायचंय.’ ‘महिनाभर त्यांना आमच्याकडे ठेवायचंय.’ आणायचं, सोडायचं, न्यायचं, ठेवायचं. सगळी क्रियापदं सामानाची! प्रेमानं बोलतो आपण, मान्य. पण ‘आई आली’ असं आपण शेवटचं कधी म्हटलं होतं?

चूक माझी

शनिवारी सकाळी साडेसहाला निघायचं होतं. आजीची आंघोळ-पूजा, चहा, पुन्हा चहा. निघालो आठला. हरकत नाही, प्लॅननुसार चारपर्यंत बंगळुरू गाठता आलं असतं. हुबळीपासून मी चालवायला घेतलं आणि दावणगेरेला थांबले. तिथे जाऊन बेण्णे डोसा न खाता पुढे जाणं हा गुन्हा आहे. बेण्णे म्हणजे लोणी. डोशावर लोणी, आत लोणी, शेजारच्या बटाट्याच्या भाजीवर लोणी. आजी आजोबांचं कोलेस्टेरॉल मोजत होती, आजोबा डोसे मोजत होते. तिथे सव्वा तास गेला.

पुढे चित्रदुर्ग. डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसल्या आणि मला फोटोंचा मोह आवरेना. ‘आजोबा, दहा मिनिटं फक्त!’ सात तटांचा किल्ला दहा मिनिटांत बघून होतो का? आजीला ओबव्वाची खिंड बघायचीच होती. हैदर अलीनं १८व्या शतकात या किल्ल्याला वेढा दिला, तेव्हा शत्रूचे सैनिक खडकातल्या एका फटीतून एकेक करून आत शिरत होते. पहारेकरी नवरा जेवायला घरी आलेला. त्याच्यासाठी पाणी आणायला गेलेल्या ओबव्वानं ते पाहिलं, आणि हातातल्या मुसळानं एकेकाला लोळवलं, अशी तिथली कथा. एका माणसानं आजीला ती कानडीत सविस्तर सांगितली. आजीनं आमच्यासाठी तिचं एका वाक्यात भाषांतर केलं. ‘नवरा जेवत असताना बाईनं काय काय निस्तरायचं!’

रणरणत्या उन्हात दोन तास गेले. किल्ल्यावरून निघालो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. चार वाजता पोहोचायचं होतं, आणि अजून दोनशे किलोमीटर बाकी. आजोबांवर नजर ठेवायला आलेल्या हेरानंच सगळं टाइमटेबल उधळलं होतं.

चित्रदुर्गपासून आजोबांनी गाडी घेतली. हिरियूर, शिरा. चहा. शिऱ्याला मी म्हटलं, ‘आता मी घेते.’ ते म्हणाले, ‘थोडंच तर राहिलंय.’ मी आग्रह केला नाही. दिवसभर एवढं छान चालवणाऱ्या माणसाला कुठल्या तोंडानं आग्रह करायचा?

तुमकूर गेलं आणि दिवस मावळला. पूर्ण अंधारही नाही आणि उजेडही नाही, अशी ती वेळ. समोरून येणाऱ्यांचे हेडलाइट लागलेले. आजोबा थोडे पुढे वाकून बसलेत, हे मला दिसलं. स्पीड ५० वर आलाय, हेही दिसलं. मी मोबाइलमधली नोंद बंद केली.

आणि तेवढ्यात सर्व्हिस रोडवरून एक बाइक सरळ उलट दिशेनं आमच्या लेनमध्ये. लाइट नाही, हेल्मेट नाही. मला दिसली. आजोबांना दिसली नाही.

‘आजोबा, बाइक!’

करकचून ब्रेक. कळकाची काठी सरकन पुढे येऊन काचेवर आदळली. बाइक हातभर अंतरावरून निघून गेली. त्या महाशयांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. चूक त्याचीच होती, शंभर टक्के. पण दुपारी असाच कोणी आला असता, तर आजोबांनी त्याला दोनशे फुटांवरून बघितलं असतं.

त्यांनी गाडी सावकाश कडेला घेतली. इंडिकेटर दिला. इंजिन बंद केलं. काही क्षण कुणीच बोललं नाही. मग मागून आजीचा आवाज आला, ‘गाठी फुटल्या नाहीत हो.’

आजोबा उतरले. बोनेटला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं. ‘तू घे,’ म्हणाले. किल्ली गाडीलाच होती.

पंधरा-वीस मिनिटांनी, नेलमंगलाच्या जवळ, ते आपणहून बोलले. ‘समोरचा लाइट आला की सगळं पांढरं होतं. मग परत दिसायला वेळ लागतो. वर्षभर होतंय.’

हे काही त्यांचं एकट्याचं नाही. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही, आत उजेड कमी जातो. आणि झगमगाटानंतर डोळा सावरायला जास्त वेळ घेतो. मोतीबिंदू असेल तर आणखीच. त्यात दिवसा नजर उत्तम असल्यामुळे कुणाला, अगदी त्या माणसालाही, ते पटत नाही. हे सगळं मला डॉक्टरांना विचारल्यावर कळलं. ते आधी विचारायचं सोडून मी आजोबांचे इंडिकेटर मोजत बसले होते!

गेटच्या आत

आत्याचं घर यशवंतपूरच्या बाजूला. शनिवारच्या ट्रॅफिकमधून आठ वाजता तिच्या सोसायटीच्या गेटपाशी पोहोचलो. आत बिल्डिंगपर्यंत जेमतेम दीडशे पावलांचा रस्ता, दिव्यांनी लख्ख. खाली आत्या आणि तिची दोन्ही पोरं उभी होती. आत्यानं फोन करून सांगितलं होतं, दोघंही साडेपाचपासून खालीच आहेत.

मी गेटच्या आत गाडी थांबवली आणि उतरले. वळसा घालून आजोबांच्या बाजूला आले आणि दार उघडलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

‘तुम्ही घ्या,’ मी म्हटलं.

त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, सीट मागे घेतली, आरसा सेट केला. इंडिकेटर दिला! आणि ताशी दहाच्या स्पीडनं, काचेतून कळकाची काठी मिरवत, आमची वॅगन आर बिल्डिंगखाली पोहोचली. ‘अज्जा आले! अज्जा गाडी घेऊन आले!’ पोरांनी असला दंगा केला, की पहिल्या मजल्यावरचे लोक बाहेर आले.

‘आले.’ ऐकलंत ना? ‘आणले’ नाही.

रात्री अपेक्षेप्रमाणे बाबांचा फोन. मी गच्चीत गेले. ‘बोल. कसं चालवलं?’ खोटं बोलायचं नव्हतं आणि अर्धवट खरंही बोलायचं नव्हतं. मी बाइकचं सगळं सांगितलं. उशीर माझ्यामुळे झाला, हेही सांगितलं. पलीकडे शांतता. मग बाबा म्हणाले, ‘म्हणजे किल्ली काढून घ्यायला हवी.’

‘दिवसा ते माझ्यापेक्षा बरं चालवतात, बाबा. संध्याकाळी नको. एवढंच.’

‘आणि ते त्यांना कोण सांगणार?’

कुणालाच सांगावं लागलं नाही. पाडव्याला सकाळी गुढी उभी राहिली, साताऱ्याची काठी, आत्याची साडी. आत्याकडचा उगादीचा बेवू-बेल्ल आणि आजीचा कडुलिंब-गूळ एकाच वाटीत आले, कारण दोन्ही एकच आहेत. होळिगे की पुरणपोळी यावर पोरांचं भांडण झालं. कडू तोंडावर गूळ टाकता टाकता आजोबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, ‘आजपासून आपला नियम. दुपारी चारनंतर किल्ली दुसऱ्याकडे.’

आजी म्हणाली, ‘आणि चारच्या आधी?’

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. ‘चारच्या आधी माझ्याकडे. पण आल्यावर पोलिस ग्राउण्डवर तुला क्लच दाखवतो. गाडी सुरू करून पुढे-मागे घेण्यापुरतं.’

आठवड्यानं परतलो. पहिल्या दिवशी बरोब्बर चारला, हावेरीच्या पुढे, त्यांनी कुणी न सांगता गाडी कडेला घेतली आणि किल्ली माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी निपाणीत आजी म्हणाली, ‘इथून आत घ्या.’ तिचे भाऊ आता नाहीत, भावजय असते. दारात गाडी बघून त्या बाहेर आल्या आणि त्यांनी पहिलं काय विचारलं माहितीये? ‘वन्सं! कोण घेऊन आलं?’

आजी पदर सावरत उतरली. ‘कोणी नाही,’ म्हणाली. ‘आले आपली.’

या सगळ्यातून मला कळलं ते एवढंच. किल्ली एका दिवसात काढून घ्यायची वस्तू नाही. ती तासातासानं हातातून हातात जायला हवी. आधी रात्र जाते, मग संध्याकाळ, मग हायवे, आणि शेवटी दुपारसुद्धा. तो दिवस येणार आहे, हे आजोबांना माहीत आहे आणि मलाही. पण तोपर्यंतचे तास त्यांचे आहेत.

परवा पुन्हा बाबांचा फोन. ‘पुढच्या रविवारी अण्णा-आईला पुण्याला आणायचंय. जातेस का आणायला?’

मी म्हटलं, ‘थांबा, विचारते. ते येतात का बघू.’

निघताय? मग हे बघा!

* घड्याळ ठरवा, माणूस नाही. ‘तुम्ही चालवू नका’ यापेक्षा ‘चारनंतर मी चालवते’ हे लवकर पटतं. निघायच्या आधी ठरवा, रस्त्यात वाद नको.
* अंधाराआधी मुक्काम. शेवटच्या टप्प्यात दोन तास हाताशी ठेवा. फोटोंचा मोह होणारच!
* दर दीड-दोन तासांनी ब्रेक. नुसतं थांबू नका, दहा मिनिटं चाला. फार वेळ बसून पाय सुजतात, रक्ताच्या गाठी होण्याचा धोकाही वाढतो.
* पाणी. वाटेत बाथरूम मिळेल की नाही, या भीतीनं आजी-आजोबा पाणीच पीत नाहीत. कमोड असलेली ठिकाणं आधीच हेरून ठेवा आणि तसं त्यांना सांगा.
* गोळ्या पुढे, बॅगा मागे. औषधं डिकीत नकोत. प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये हवा. इन्शुलिन तापलेल्या गाडीत सोडून जेवायला जाऊ नका.
* डोळे तपासून घ्या. ‘नंबर बदललाय का?’ एवढंच नको, ‘रात्री समोरचा लाइट आला की काय होतं?’ हेही विचारा.
* कागद आणि फोन. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसीच्या तारखा आणि फास्टॅगचा बॅलन्स बघा. हायवेवर मदतीसाठी १०३३, कुठल्याही इमर्जन्सीला ११२.